मेंढ्याच्या गाडीचा जीर्णोद्धार

"अहो साहेब, कागद ठेवा बाजूला. गाडी बघा गाडी!"

निपाणीतल्या एका जुन्या तंबाखूच्या वखारीत उभं राहून एका दलालानं मला हे ऐकवलं आणि तिथंच माझं डोकं फिरलं. तोंडावर काही बोललो नाही. सरकारी नोकरीत वीस वर्षं काढलेला माणूस तोंडावर बोलत नाही, घरी येऊन लिहितो. तर मंडळी, हे ते लिहिणं.

आधी गाडीविषयी. मडगावच्या माझ्या एका मित्राला जुन्या मोटारींचं वेड आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी कला शाखेचा माणूस, आमच्या घरी पहिली चारचाकी आली ती मारुती, तीही सेकंडहँड. पण निपाणीला एक जुनी अमेरिकन गाडी विकायला आहे, तिचे सगळे कागद म्हणे शाबूत आहेत, आणि कागद तुला कळतात तेव्हा तू चल, असं म्हणत त्यानं एका रविवारी मला उचललं. चोर्ला घाट चढून बेळगाव, तिथून हमरस्त्यानं निपाणी. (सरकारदरबारी २०१४ पासून बेळगावी. मी सवयीनं बेळगाव लिहितो, कुणी त्यात राजकारण शोधू नये.)

घर एकेकाळच्या तंबाखू व्यापाऱ्याचं. आता व्यापार नाही, वखार रिकामी आहे आणि तीन भावांच्या वाटण्या व्हायच्या आहेत. थोरले भाऊ निवृत्त शिक्षक. त्यांनीच दार उघडलं. "बघा की. आमच्या आज्ज्यानं घेतलेली. झाकून काय ठेवलंय त्यात," म्हणाले आणि ताडपत्री ओढली.

१९५१ ची डॉज किंग्जवे. चार दारांची, गर्द हिरवी, एखाद्या सुस्त म्हशीसारखी पसरलेली. बॉनेटच्या टोकावर डॉजचा तो मेंढा, शिंगं वळवून पुढं झेपावलेला. त्या घरात तिला डॉज कुणी म्हणत नाही. मेंढ्याची गाडी. धनगरांच्या मुलखात दुसरं काय म्हणणार!

मित्र बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला. मी त्याच्या तोंडून ऐकलं ते सांगतो. इंजिन मूळचंच, एका रांगेत सहा सिलिंडर, ३.६ लिटरचं. बुकातला नंबर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर आकडा न आकडा जुळला. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, तीन गिअर. वीज अजून सहा व्होल्टची. रंग कारखान्यातला, छपरावर तो उडून खालचा अस्तराचा थर दिसतो. बदललंय काय? टायर अर्थातच. सीटवरचं रेक्झिन कधीतरी नवं घातलेलं. रेडिएटर दुरुस्त केलेला. आणि मागच्या डाव्या दाराला अँबॅसिडरचं हँडल. बाकी सत्तर वर्षांत कुणी हात लावलेला नाही. बारा वर्षं ती सुरूही झालेली नाही.

मग आली पत्र्याची पेटी. इथं माझं काम सुरू झालं.

त्रेसष्ट कागद. मुंबईच्या विक्रेत्याची मूळ पावती, नोंदणीचं बुक, विम्याचे दाखले, सुट्या भागांची बिलं, आणि ड्रायव्हरनं लिहिलेली एक लांबट वही. पण खरी गंमत कराच्या पावत्यांत. पहिल्या पावत्यांवर मुंबई राज्य. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, त्यानंतरच्या पावत्यांवर म्हैसूर राज्य. मग १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, पण छापील पावत्या लगेच कुठल्या यायला! एका पावतीवर कुणा कारकुनानं 'म्हैसूर' शाईनं खोडून वर 'कर्नाटक' लिहिलंय आणि बाजूला आद्याक्षरं टाकलीत. माझ्याच धंद्यातला माणूस. मला त्याला नमस्कार करावासा वाटला.

लक्षात घ्या, गाडी कुठंही गेलेली नाही. तीच वखार, तोच कोपरा. राज्यं तिच्या अंगावरून गेली. सीमाप्रश्नावर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. कुठलं गाव कुणाचं यासाठी दोन्ही बाजूंनी किती कागद जमवले असतील! या पेटीतले कागद कुणाचीच बाजू घेत नाहीत. ते फक्त एवढंच सांगतात की इथल्या एका माणसानं जागा न सोडता तीन राज्यांना कर भरला. मला हे कुठल्याही भाषणापेक्षा जास्त सांगणारं वाटलं.

आणि नेमकं याच क्षणी बेळगावहून आलेले ते दलाल महाशय म्हणाले, "काय बघूलासा त्यात? कागद ठेवा बाजूला."

त्यांचा बेत त्यांनी मोठ्या उत्साहानं सांगितला. तीन लाखांना गाडी उचलायची. तिचं ते दारूडं पेट्रोल इंजिन काढून भंगारात द्यायचं, त्याजागी डिझेल टाकायचं. लाल आणि पांढरा असा डबल कलर मारायचा. एसी, पॉवर स्टिअरिंग, अलॉय व्हील. मग लग्नाच्या वरातीला भाड्यानं. "नवरदेव बसला की फोटो कसा येतोय बघा! एकदम ओरिजिनल विंटेज!"

ओरिजिनल! इंजिन दुसरं, रंग दुसरा, चाकं दुसरी, आणि ती गाडी ओरिजिनल. हातातली गाडी, जिच्यात जवळजवळ सगळं जागच्या जागी आहे, ती मात्र खटारा.

पण मी एकट्या दलालाला का नावं ठेवू? तो बिचारा बाजार ओळखून आहे. बाजार कुणी तयार केला? आपण. जुनी वस्तू जुनी दिसली की आपल्याला लाज वाटते. ती नव्यासारखी चकचकीत झाली की आपण तिला जुनी म्हणून मिरवतो. या रोगाला आपल्याकडं एक फार पवित्र नाव आहे. जीर्णोद्धार.

गोव्यातल्या वाचकांना मी वेगळं काय सांगणार? चिऱ्याची भिंत, लाकडी कोरीव खांब, मातीची कौलं असलेली किती देवळं आपल्या डोळ्यांदेखत पाडली गेली आणि तिथं सिमेंटचे मंडप आणि गुळगुळीत ग्रॅनाइट आलं! आमच्या गावच्या देवळात एक भिंत कावीच्या चित्रांची होती. चुन्याच्या गिलाव्यावर तांबडी कावी, त्यात हत्ती, वेली, युद्धाचे प्रसंग. मी शाळेत असताना तिथं बसून ती चित्रं मोजायचो. एका वर्षी समितीनं तिच्यावर बाथरूमला लावतात तशा टाइल्स लावल्या. कोनशिला बसली, देणगीदारांची नावं संगमरवरावर आली. भिंत कुणी काढली होती, त्या चितारी कारागिराचं नाव आधीही नव्हतं. आता त्याचा हातही नाही. समितीतली माणसं वाईट नव्हती. त्यांनी वर्गणी काढून, घाम गाळून, भक्तीनं ते केलं. म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

त्या दलालाचा लाल-पांढरा रंग आणि आमच्या देवळातल्या टाइल्स यांत मला काडीचाही फरक दिसत नाही.

गोव्यात अमेरिकन गाड्यांचं काय झालं तेही आठवा. १९६१ पूर्वी इथं परदेशी माल सहज यायचा. गोव्यातल्या भाटकारांच्या शेव्हरोले आणि डॉज यांच्या कथा बाबांच्या पिढीनं चवीनं सांगितल्या. (पोर्तुगालनं १९२८ मध्ये वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूला नेली तरी गोवा मात्र डाव्याच बाजूनं चालत राहिला. शेजार भारताचा ना!) आमच्या गावच्या भाटकाराची शेव्हरोले पुढं कोंबड्यांचं खुराडं झाली. ती मी लहानपणी पाहिली आहे, अंड्यांसकट. तिचे पोर्तुगीज कागद कुठं गेले कुणास ठाऊक. तोच भाटकार आपल्या बागायतीचा आफ्रामेंताचा कागद मात्र तिजोरीत जपून होता, कारण त्यावर कोर्टात दावा चालतो. म्हणजे कागदाची किंमत आपल्याला कळते. फक्त जमिनीचा असेल तर.

आता मेंढ्याच्या गाडीची जन्मकथा बघा, म्हणजे ती का जपायची ते कळेल. ही 'अमेरिकन' गाडी आपल्याकडं आली ती कुर्ल्यातून. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लर कंपनीशी करार केला, आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लायमाउथ, डिसोटो. अमेरिकेतून सुटे भाग यायचे आणि इथले कामगार ते जोडायचे. किंग्जवे म्हणजे मुळात प्लायमाउथचं अंग आणि डॉजचं तोंड, खास परदेशी बाजारासाठी बनवलेलं.

त्याच्याही मागं एक कथा आहे आणि ती निपाणी-बेळगावकडच्या माणसांनी तर पाठच करावी. भारतात मोटारीचा कारखाना हवा हे स्वप्न १९३० च्या दशकात धरून बसलेला दुसरा माणूस म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूरचे दिवाण राहिलेले, आज कर्नाटक ज्यांच्या नावानं मान ताठ करतो ते. शिकले पुण्यात, नोकरीची सुरुवात मुंबई इलाख्यात. त्यांनी योजना आखली, वालचंद त्यांच्या बरोबर उभे राहिले, ब्रिटिश सरकारनं दाद दिली नाही. त्याच वालचंदांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं बंगळूरला विमानाचा कारखाना काढला. म्हणजे सोलापूरच्या माणसाचा विमान कारखाना बंगळूरला, आणि म्हैसूरच्या दिवाणांचं मोटारीचं स्वप्न साकार झालं कुर्ल्याला. आणि त्या कुर्ल्याच्या गाड्यांतली एक दोघांच्या मध्ये, निपाणीच्या वखारीत उभी. हिला लाल-पांढरा रंग मारून वरातीला लावायची?

यावर मला काय काय ऐकवलं जाईल ते ठाऊक आहे. तेव्हा आधीच उत्तर देतो.

पहिला आक्षेप: हे श्रीमंतांचे चोचले. तंबाखू शेतकऱ्याच्या घामावर आणि विडी वळणाऱ्या बायांच्या बोटांवर आलेली गाडी, तिचं कौतुक कशाला? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. निपाणी म्हटलं की मला १९८१ चं तंबाखू आंदोलन आठवतं. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ठाण मांडून बसले होते. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मेले. ते भांडण भावाचंच होतं आणि व्यापारीही त्यात होतेच. पण म्हणूनच तर कागद हवेत! ड्रायव्हरच्या त्या वहीत काय आहे माहीत आहे? अकोळ, गळतगा, बेडकिहाळ. कुठल्या दिवशी मालक कुठल्या गावी गेले, पेट्रोल किती, सोबत कोण. मधूनच, 'तंबाकू पाहिली, सवदा नाही.' दुष्काळाच्या वर्षी महिनाभर एकही फेरी नाही. व्यापारी कुठल्या गावात कितीदा गेला, कुठं सौदा न करता परतला, हे शेतकऱ्याच्या बाजूनं इतिहास लिहिणाऱ्याला दुसरीकडं कुठं मिळणार? गाडी मालकाची असेल, वही ड्रायव्हरची आहे. आणि दलाल सगळ्यात आधी ती वहीच टाकून देणार होता.

राजेरजवाड्यांच्या गाड्यांना माणसं असतात. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते, लोक हात जोडतात. छान आहे. पण व्यापाऱ्याच्या गाडीला, ड्रायव्हरच्या वहीला कोण हात जोडणार? आपला इतिहास गडावरून सुरू होतो आणि गडावरच संपतो. मधल्या माणसांचा इतिहास वखारीत गंजतो.

दुसरा आक्षेप: गाडी त्यांची, पैसा त्यांचा, गरज त्यांची, गोव्याहून येऊन शहाणपण शिकवणारा तू कोण? कबूल. मास्तरांच्या धाकट्या भावाच्या डोक्यावर कर्ज आहे, हे चहाच्या वेळी वहिनींनी हळूच सांगितलं. त्यांनी गाडी विकू नये असं मी म्हणतच नाही. विकावी, अवश्य विकावी. पण कागदांसकट विकावी आणि रंग न मारता विकावी. कारण त्यातच त्यांचा फायदा आहे. हे मी भावनेनं सांगत नाही, नियम दाखवतो.

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींना 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. अट काय? गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा. अर्जासोबत जुनं नोंदणी बुक लागतं. नव्यानं नोंदणी असेल तर शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, 'व्हीए' अक्षरांचा नंबर. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबरही राखता येतो. विक्री करता येते, फक्त दोघांनी नव्वद दिवसांत कळवायचं. आणि हो, अशी गाडी व्यवसायासाठी किंवा रोजच्या फिरण्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, दुरुस्ती, इंधन, बस्स.

आता दलालाचा बेत पुन्हा वाचा. डिझेल इंजिन टाकलं की विंटेज संपलं. कागद टाकले की विंटेज संपलं. वरातीला भाड्यानं लावली की नियमभंग. म्हणजे जे तो 'ओरिजिनल विंटेज' म्हणून मिरवणार होता, त्याचा कायद्यातला हक्कच तो पहिल्या आठवड्यात मारणार होता. आणि ज्या दोन गोष्टींमुळं गाडीला किंमत आहे, त्या दोन्हींना खोट म्हणून दाखवत तो भाव पाडत होता. "रंग गेलाय ओ काका, इंजिन जुनं, कागद तर सगळे कालबाह्य." कारकून म्हणून सांगतो, कागद कालबाह्य झाला तरी पुरावा म्हणून तो मरत नाही.

तिसरा आक्षेप वेडवाल्यांचा. म्हणजे गंजलेली, बंद, अँबॅसिडरचं हँडल लावलेली गाडी तशीच पुजायची का? अजिबात नाही. ब्रेक नवे करा. तारा जळक्या असतील तर बदला. गंज थांबवा. मोटार चालली पाहिजे, नाहीतर ती लोखंडाचं देव्हारं. पण दुरुस्ती वेगळी आणि नवीकरण वेगळं. जगभरच्या जुन्या मोटारींच्या संस्थांचा महासंघ आहे, फिवा नावाचा. त्यानं २०१२ मध्ये तुरीनची सनद म्हणून एक मसुदा मान्य केला. त्याचं सार आपल्या आज्जीच्या भाषेत सांगायचं तर, लागेल तेवढंच करा, आणि केलं ते लिहून ठेवा. ते अँबॅसिडरचं हँडलसुद्धा मी ठेवीन. मूळ हँडल मिळेना तेव्हा जे मिळालं ते लावून माणसानं गाडी चालू ठेवली, हाही इतिहासच. त्याचं बिल पेटीत आहे.

असो. शेवटी झालं काय, ते सांगतो.

मित्रानं गाडी घेतली नाही. त्याच्याकडं तेवढे पैसे नाहीत, मास्तरांना हे त्यानं सरळ सांगितलं. दलाल "विचार करा, पुढल्या आठवड्यात येतो" म्हणून निघून गेला. मी मास्तरांकडं फुलस्केप कागद आणि दोरा मागितला. दोन तास बसून त्रेसष्ट कागद तारखेनं लावले, प्रत्येकावर पेन्सिलीनं क्रमांक टाकला, वर सूची जोडली: अनुक्रमांक, तारीख, कशाचा कागद, कुठल्या राज्याचा. खाली गाडीत काय मूळ आहे आणि काय बदललंय ते मित्रानं सांगितलं तसं लिहिलं, हँडलसकट. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायली लावल्या, पण एवढ्या आनंदानं एकही लावली नव्हती.

मास्तरांनी सूची चष्मा पुसून दोनदा वाचली. म्हणाले, "एवढं सगळं हाय व्हय हिच्यात? आम्ही आपलं पेटी उघडलीच नव्हती ओ कधी." मग थोडं थांबून म्हणाले, "ह्यो 'म्हैसूर' खोडलेला कागद मी पोरांना वर्गात दाखवायला पायजे होता."

परवा त्यांचा फोन आला. दलाल आठ दिवसांनी खरंच आला होता. यावेळी तीनाचे साडेतीन म्हणाला. मास्तरांनी त्याच्यापुढं सूची ठेवली आणि सांगितलं, आधी हे वाचा, मग भाव बोला. तो वाचायला थांबला नाही.

गाडी अजून वखारीतच आहे. विकायची आहे, कर्ज आहेच. तुमच्यापैकी कुणाला अशा गाडीचं वेड असेल, निपाणीची असो की आपल्या गोव्यातल्या एखाद्या कोठारातली, तर जरूर घ्या. फक्त बॉनेट उघडण्याआधी पेटी कुठं आहे ते विचारा. आणि तुमच्या गावच्या देवळात टाइल्स बसवायची वर्गणी मागायला कुणी आलं, तर तेव्हाही हा मेंढा आठवा.